राज्याभिषेकाचा बुधवार

“पानिपत दिसतंय रे, पण राज्याभिषेक दिसत नाहीये.” गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंचा फोन. कसा आहेस, काय चाललंय, काही नाही, थेट तक्रार. मला आधी वाटलं, तसबिरींबद्दल बोलतायत. रंगकाम नुकतंच झालं होतं, परत टांगताना एखादी राहून गेली असेल. मग उलगडलं की प्रश्न दिनविशेषाचा आहे. वाचनालयाच्या दाराशी रोज एक फळा लागतो: आज काय घडलं होतं, कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी. पूर्वी वाचनालयातले अण्णा तो खडूने लिहायचे. पुढे त्यांनीच हे सगळं अ‍ॅक्सेस या माहिती साठवायच्या प्रोग्रॅमच्या एका टेबलात भरून ठेवलं आणि सकाळी दार उघडल्यावर त्या दिवसाची ओळ काढून फळ्यावर उतरवायची अशी रीत पडली. ते टेबल आता सर्व्हरवर गेलं होतं, आणि बाईंनी सहज म्हणून सगळ्या नोंदी तारखेप्रमाणे लावून पाहिल्या, तर यादी सुरूच होत होती १४ जानेवारी १७६१ पासून. त्याआधी काही नाही. शिवजन्म नाही, राज्याभिषेक नाही, वसई नाही, पहिला बाजीरावही नाही. “म्हणजे हरलो तिथपासूनच इतिहास सुरू?” बाई म्हणाल्या. मी हसलो, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

कारण मला तोपर्यंत कळलं होतं. अ‍ॅक्सेस इसवी सन १०० पासूनची कुठलीही तारीख मुकाट्याने घेतं. नव्या जागेचा, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर या मोठ्या डेटाबेसचा, तारखांसाठीचा जुना डेटटाइम प्रकार मात्र १ जानेवारी १७५३ च्या अलीकडचंच घेतो. ज्या ठेकेदाराने ही फाइल हलवली त्याने सगळ्या तारखा सरसकट डेटटाइममध्ये टाकल्या होत्या, आणि ज्या ओळी अडल्या त्या सोडून पुढे गेला होता. सतरा हजारांच्या आसपास पुस्तकं, हजारभर सभासद. त्यात दिनविशेषाच्या मूठभर ओळी गळाल्या तर कोणाच्या लक्षात येणार? मूळ फाइल पेनड्राइव्हवर होती, त्यामुळे गेलं काहीच नव्हतं. तरी मला त्या १७५३ ची गंमत वाटत राहिली. इंग्लंडने आणि त्याच्या वसाहतींनी कॅलेंडर बदललं ते १७५२ मध्ये. २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. मधले अकरा दिवस कोणीच जगलं नाही. तेव्हा इंग्रजी जगातलं पहिलं धड वर्ष म्हणजे १७५३, आणि ज्या सायबेस नावाच्या डेटाबेसपासून एसक्यूएल सर्व्हर निघाला त्याच्या लोकांनी ठरवलं की त्याआधीच्या भानगडीत आपण पडायचंच नाही. एका परक्या पार्लमेंटचा कायदा, त्यावरून अमेरिकेतल्या काही इंजिनियरांनी धरलेला धोरणी हात, आणि आमच्या तालुक्याच्या गावात फळ्यावर शिवाजी महाराज येत नाहीत.

खरं तर उपाय सोपा होता. २००८ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटटाइम टू नावाचा प्रकार आहे. तो इसवी सन १ पासून सगळं घेतो. तो लावला, तर समोरचा अ‍ॅक्सेसचा फॉर्म रुसला. बाईंच्या सवयीचे फॉर्म तसेच ठेवून फक्त मागची टेबलं सर्व्हरवर न्यायची असं ठरलं होतं, आणि या दोघांना जोडणाऱ्या, विंडोजबरोबर येणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला हा नवा प्रकार ओळखता येत नाही. तो तारखेला साधा मजकूर समजतो. मग नवा ड्रायव्हर टाकला, टेबलं परत जोडली, हरवलेल्या ओळी मूळ फाइलमधून आणल्या. ६ जून १६७४ दिसायला लागला. मी हौसेने फळ्याच्या ओळीत वारही आणला, म्हणजे बाईंना तयार वाक्य मिळेल. संध्याकाळी परत फोन. “बुधवार कुठून आणलास?”

राज्याभिषेक बुधवारी नव्हता. मुंबईचे इंग्रज तेव्हा जुन्या, ज्युलियन कॅलेंडरवर होते. रायगडावर हजर असलेला हेन्री ऑक्झिंडेन त्यांचाच वकील. आपण जी ६ जून म्हणतो ती त्या कॅलेंडरातली. गोव्यातले पोर्तुगीज त्याच्या शंभरेक वर्षं आधीच नव्या, म्हणजे आजच्या कॅलेंडरवर गेले होते, त्यांच्या भिंतीवर त्या दिवशी १६ जून. संगणकाला यातलं काही माहीत नाही. तो आजचं कॅलेंडर सरळ रेषेत मागे ओढत नेतो आणि सांगतो, ६ जून १६७४, बुधवार. ऑक्झिंडेनच्या हिशेबाने तो शनिवार होता. जेधे शकावलीत, म्हणजे शिवकाळातल्या घटनांच्या जुन्या मराठी नोंदींत, शुक्रवार आहे, कारण महाराज सिंहासनावर बसले ते पहाटे, तीन घटका रात्र उरली असताना; आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. म्हणजे शुक्रवारही खरा, शनिवारही खरा, आणि यंत्राने पूर्ण आत्मविश्वासाने सांगितलेला बुधवार तेवढा कोणाचाच नाही.

त्या रात्री मला त्या जुन्या डेटटाइमबद्दल जरा आदर वाटला. तो निदान नाही म्हणाला होता.

अण्णांनी मात्र ही अडचण फार आधीच ओळखली असावी. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. साठीला टेकल्यावर एका जाडजूड गाइडवरून अ‍ॅक्सेस शिकला. वाचनालयाला देणगीत मिळालेला तो संगणक, त्यावर क्रोशाचं झाकण, शेजारी लोखंडी कपाटांतून येणारा डांबरगोळ्यांचा आणि बुरशीचा मिळून झालेला वास, आणि अण्णा एका बोटाने टाइप करतायत, हे दृश्य मी शाळकरी वयात कित्येकदा पाहिलं आहे. त्यांच्या प्रत्येक टेबलात शेवटचा रकाना एकच: शेरा. सरकारी नोंदवहीत वाढलेला माणूस, शेऱ्याशिवाय टेबल पुरं होतच नाही. राज्याभिषेकाच्या ओळीत तारीख होती, आणि शेऱ्यात त्यांनी लिहून ठेवलं होतं: ‘वार संगणकावरून घेऊ नये.’

पहिल्या हलवाहलवीत हा शेरा कोणाला वाचायला मिळाला नाही, कारण सर्व्हरवर सगळे शेरे प्रश्नचिन्हं झाले होते. ओळीमागून ओळी, नुसती प्रश्नचिन्हं. यामागचं कारण या धंद्यातल्या प्रत्येक मराठी माणसाला पाठ असतं आणि तरी दर वेळी कुठेतरी घडतंच. अ‍ॅक्सेस २००० पासून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना जागा देणाऱ्या संकेतात, ठेवतं. ठेकेदाराने तिकडे रकान्यांचा प्रकार व्हारचार केला, युनिकोड घेणारा एनव्हारचार नाही. आणि इंग्रजीसाठी आखलेल्या त्या डब्यात देवनागरी मावत नाही. विचित्र भाग पुढे आहे. पुस्तकांची नावं मात्र शाबूत होती! ती भरली गेली अगदी सुरुवातीच्या काळात, तेव्हाच्या फॉन्टमध्ये. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नव्हतीच. रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, अर्धविराम यांची खिचडी, जिच्यावर विशिष्ट फॉन्टचा चष्मा लावला की मराठी दिसते. ती खिचडी व्हारचारमध्ये सुखरूप पोचली. ज्या नोंदी अण्णांनी नंतर, नीट इनस्क्रिप्ट कळफलक शिकून, शुद्ध युनिकोडमध्ये केल्या, त्यांची प्रश्नचिन्हं झाली. सोंग घेतलेली मराठी तरली आणि खरी बुडाली. दुसऱ्यांदा हलवताना सगळं एनव्हारचारमध्ये घेतलं, आणि मग ती जुनी सोंगंही उतरवावी लागली. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार अक्षरानंतर. दिसण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम वेगळा. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षर ओलांडून पलीकडे ठेवावी लागते. बहुतेक वेळा ठेवतो. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या मात्र त्याने पुष्कळ ठिकाणी रफार करून टाकला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्त्यांच्या त्या सगळ्या नोंदी बाईंनी हाताने दुरुस्त केल्या, चष्मा कपाळावर ढकलून, पडद्याला नाक लावून.

होय की नाही, एवढ्या साध्या गोष्टीतही घोळ असतो हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. अ‍ॅक्सेसमध्ये ‘होय’ म्हणजे वजा एक. संगणकातले शून्य-एकचे सगळे बिट एक केले की चिन्हासह वाचताना तो आकडा वजा एक होतो, म्हणून. सर्व्हरवर ‘होय’ म्हणजे एक. अण्णांच्या जुन्या क्वेऱ्यांमध्ये, म्हणजे टेबलाला विचारायच्या प्रश्नांमध्ये, ‘बाहेर आहे का’ या रकान्याला वजा एकाशी ताडून पाहिलेलं होतं; त्याच थेट सर्व्हरवर चालवल्या तेव्हा उत्तर आलं की वाचनालयाचं एकही पुस्तक कोणाकडे नाही. काही लोकांना हे ऐकून फार आनंद झाला असता. बाहेर किती पुस्तकं आहेत हे मोजायला अण्णा त्या वजा एकांची बेरीज करून चिन्ह उलटायचे. सर्व्हर तर अशा होय-नाहीच्या रकान्याची, म्हणजे बिटची, बेरीज करायलाच नकार देतो. आणि अ‍ॅक्सेसच्या चौकटीत एक तर खूण असते किंवा नसते, पण सर्व्हरच्या बिटमध्ये तिसरीही अवस्था आहे: रिकामं, नल. ती अवस्था आपोआप तयार झाली की अ‍ॅक्सेसचा फॉर्म गोंधळतो आणि सांगतो की तुम्ही बदल करत असताना दुसऱ्या कोणीतरी ही नोंद बदलली आहे. दुपारी दोन वाजता, वाचनालय बंद, संगणक एक, माणूस एक, आणि पडद्यावर हा संदेश. बाईंनी खरंच मागे वळून पाहिलं, असं त्यांनीच सांगितलं. त्या रकान्यांना शून्याचं मूळ मूल्य दिलं, प्रत्येक टेबलात, नोंद बदलली की आपोआप बदलणारा, रोव्हर्जनचा एकेक रकाना जोडला, आणि तो दुसरा कोणीतरी गेला.

अनामत रकमा, दंडाचे पैसे, दाखल क्रमांक, हे सगळं निमूट पार पडलं. पैशाच्या बाबतीत यंत्रं एकमेकांना चटकन समजून घेतात.

वेळेचं एक किरकोळ प्रकरण झालं. वाचनालय संध्याकाळी साडेपाचला परत उघडतं. ही वेळ अण्णांनी एका छोट्या टेबलात ठेवली होती. अ‍ॅक्सेस तारीख-वेळ ठेवतं ती अपूर्णांकासारखी: पूर्णांक म्हणजे ३० डिसेंबर १८९९ पासून किती दिवस, आणि अपूर्णांक म्हणजे दिवसाचा कितवा भाग. नुसती वेळ दिली की पूर्णांक शून्य. सर्व्हरवर गेल्यावर तो शून्य उघडा पडला आणि आमचं वाचनालय ३० डिसेंबर १८९९ ला साडेपाच वाजता उघडायला लागलं. शनिवार होता तो दिवस; शके १८२१. अशी आडनिडी तारीख का, याचंही कारण एक जुनी चूक. लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. ते नव्हतं. एक्सेलने त्याच्याशी जुळावं म्हणून तीच चूक जाणूनबुजून घेतली, आणि पुढे मायक्रोसॉफ्टच्या इतर तारखांनी आपला शून्य असा मागे सरकवला की मार्च १९०० पासून सगळ्यांचे आकडे जुळावेत. सर्व्हरचा शून्य मात्र १ जानेवारी १९००. म्हणून कोणी तारखेचा नुसता आकडा उचलून नेला तर ती दोन दिवस पुढे सरकते. ३६,५२६ इकडे १ जानेवारी २०००, तिकडे ३ जानेवारी. दोन दिवसांचा फरक सहसा कोणी पाहत नाही. पुस्तक परत करायची तारीख असेल तर पाहतात, आणि ते सभासदाच्या फायद्याचं असेल तर बोलत नाहीत.

जन्मतारखांपाशी मी थबकलो. सभासदांच्या अर्जावर हा रकाना असतो, आणि काही जुने अर्ज एका एक्सेलमधून मजकुराच्या रूपात आले होते, वर्षाचे दोनच आकडे. ‘४५’ असेल तर अ‍ॅक्सेस सहसा १९४५ समजतं. सर्व्हर, त्याची मूळ मांडणी बदलली नाही तर, ४९ पर्यंतचे सगळे आकडे या शतकात टाकतो. रोज सकाळी काठी टेकत येऊन तीन वर्तमानपत्रं वाचणारे आमचे एक ज्येष्ठ सभासद अजून जन्मायचे होते. ते दुरुस्त झालं. पण नंतर उगाच, किती जणांचा वाढदिवस कधी येतो ते काढून पाहिलं, आणि वर्षातला एक दिवस मनोऱ्यासारखा उभा राहिला: १ जून. कारण तुम्हाला माहीतच आहे. शाळा जूनमध्ये सुरू होणार, पोराला हाताला धरून आणलंय, बाप सांगतोय पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे, पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षीचा, किंवा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा रांगत होता. गुरुजींच्या समोर रजिस्टर, त्यात तारीख-महिना-वर्ष असे तीन रकाने. गुरुजींनी पोळा आणि भूकंप ऐकून घेतला आणि १ जून लिहिलं. प्रवेशाच्या दिवशी वय पुरं भरावं एवढाच हिशेब.

माझ्या वडिलांचाही १ जूनच. त्यांचा खरा जन्म आजी सांगायची तो श्रावणातला, नागपंचमीच्या आसपासचा, बाहेर धो धो पाऊस आणि सुईण ओढ्यापलीकडे अडकलेली. हा पाऊस कुठल्याच कागदावर नाही. नोकरी, पेन्शन, आधार, सगळीकडे १ जून. निवृत्तही त्याच हिशेबाने झाले. मला लहानपणी गुरुजींचा राग यायचा, आता तेवढा येत नाही. त्यांनी निदान पोराला वर्गात बसवलं. रकाना रिकामा ठेवला असता तर कदाचित तेवढंही झालं नसतं. पण वाचनालयाच्या नव्या व्यवस्थेत वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एसएमएस जावा असं कार्यकारिणीत कोणीतरी सुचवलं, तेव्हा मी तो विषय जरा लांबवला. १ जूनला गावात एकदम एवढे फोन वाजणार, आणि त्यातले निम्मे लोक ‘हा माझा वाढदिवस नाही’ एवढंच मनात म्हणणार.

आणि शेवटी प्रकाशन वर्ष. अण्णांनी हा रकाना मजकुराचा ठेवला होता. कार्यकारिणीला मात्र वर्षानुसार शोध हवा होता, म्हणून तो आकड्यात बदलायचा. त्या रकान्यात काय नव्हतं! ‘१९५६’, देवनागरी आकड्यांत, ज्याला सर्व्हर आकडा मानतच नाही. ‘सु. १९१०’. ‘आ. ३ री, १९३७’. ‘पान फाटले आहे’. आणि जुन्या पुस्तकांसाठी ‘शके १८२१’. ठेकेदाराने यावर एक युक्ती केली होती: आकडे सोडून बाकी सगळं गाळून टाकायचं. ‘पान फाटले आहे’चं काहीच उरलं नाही, ते बरं. ‘आ. ३ री, १९३७’ झालं एकतीस हजार नऊशे सदतीस, तेही बरं, कारण ते कोणालाही दिसतं. घात केला तो शकाने. शके १८२१ चं पुस्तक इसवी सन १८२१ चं झालं, अठ्ठ्याहत्तर वर्षं म्हातारं. आणि १८२१ मध्ये मराठी छापलं जात नव्हतं असंही नाही. विल्यम केरीचं मराठी व्याकरण सेरामपूरला १८०५ मध्येच निघालं होतं. म्हणजे ओळ वाचणाऱ्याला खटकावं असं तिच्यात काही नाही. उलट एखादा संशोधक ती पाहून धावत आला असता. वेडी चूक आपण होऊन हात वर करते. शहाणी चूक चारचौघांत मिसळून बसते.

मी दोन रकाने केले. एक आकड्याचा, शोधासाठी, त्यात शकाचं रूपांतर करून टाकलेलं. आणि एक मजकुराचा, ‘छापल्याप्रमाणे’, ज्याला कोणी हात लावायचा नाही. स्वतःवर खूश होऊन अण्णांकडे दाखवायला गेलो. त्यांना आता फारसं दिसत नाही, मी वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ज्यावर वर्षच नाही, त्याला आकड्याच्या रकान्यात काय?”

“नल. म्हणजे रिकामं.”

“आणि ज्याचं वर्ष अजून कोणी बघितलंच नाही, त्याला?”

“त्यालाही नल.”

“मग आपण सगळं पुस्तक चाळून पाहिलं, प्रस्तावनासुद्धा, आणि सापडलं नाही, हे कोणाला कसं कळायचं? उद्या दुसरा कोणी येऊन परत तेच चाळणार.”

रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची, कल्पना ज्यांनी १९७० मध्ये मांडली त्या कॉडनीही पुढे नल एकाच प्रकारचा असू नये, मूल्य आहे पण माहीत नाही आणि मूल्य लागूच होत नाही यांच्या खुणा वेगळ्या हव्यात, असा आग्रह धरला होता. सर्व्हर विकणाऱ्यांनी तो मनावर घेतला नाही. हे मी अण्णांना सांगितलं नाही; ते म्हणाले असते, मग तू घे.

तेव्हा आणखी एक लहानसं टेबल केलं, वर्ष रिकामं का आहे याच्या कारणांचं. दोन पर्याय: ‘शोधलं, सापडलं नाही’ आणि ‘अजून पाहिलेलं नाही’. बाईंना दाखवलं. त्यांनी यादी खालीवर करून पाहिली आणि तिसरा पर्याय घालायला सांगितला, ‘अण्णांना विचारावे’. घातला. सध्या सगळ्यात जास्त पुस्तकं त्याच्याखाली आहेत, आणि बाई दर शनिवारी त्यातली पाच-सहा पिशवीत घालून अण्णांच्या घरी घेऊन जातात.